क्रेडिट कार्डाचं बिल भरलं, पण जमाच होत नाही?

खात्यातून पैसे गेले, कार्डावर थकबाकी मात्र तशीच, वर उशिराचा दंड! माझ्या बाबतीत हे झालंय. कस्टमर केअरचं ‘थोडी वाट बघा’ ऐकून डोकं फिरतं. वेळेत पैसे भरूनही भुर्दंड आपण का सोसायचा?

आधी पुरावा हाताशी घ्या. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की संदर्भ क्रमांक दिसतो. यूपीआयचा 12 आकडी असतो, एनईएफटीचा (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) संदर्भ क्रमांक, म्हणजे यूटीआर, 16 अक्षरी. तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. एनईएफटीने भरलं असेल तर कार्डाचा क्रमांक आकडा न् आकडा ताडून बघा.

मग कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार, आणि ती ईमेलनेच. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. मेलमध्ये रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक लिहा, कार्डाचे फक्त शेवटचे 4 आकडे द्या, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेनंतर 3 दिवसांहून जास्त थकलं तरच दंड लावता येतो, हेही ठणकावून लिहा. खालच्यांनी टोलवाटोलवी केली तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला लिहा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. त्याला फी लागत नाही. माहितीसाठी 14448 वर फोन करा.

दंड परत आला तरी पुढचं स्टेटमेंट नीट वाचा. दंडावरचा 18 टक्के जीएसटी आणि व्याज तसंच राहिलं असेल, तर तेही मागून घ्या.