औषधी वनस्पतींतले घटक मोजताय? या चुका टाळा

लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर पहिल्याच दिवशी विचारतं, "मॅडम, एचपीएलसी कधी शिकवणार?" (म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र.) चाळणी आणि ओव्हनबद्दल कोणी विचारत नाही. आणि गोंधळ तर तिथेच झालेला असतो.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे वनस्पतीची ओळख न पटवताच कामाला लागणं. एका मुलीने दादरच्या बाजारातून ब्राह्मीची जुडी आणली. सुकवली, दळली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि बॅकोसाइड ए हा ब्राह्मीतला खास घटक शोधायला बसली. एचपीटीएलसी प्लेटवर (हिच्यावर घटक वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात) स्टँडर्डचा, म्हणजे शुद्ध बॅकोसाइडचा पट्टा ठळक, नमुन्याच्या रांगेत त्या जागी काहीच नाही. तिने सॉल्व्हंट बदललं, प्लेट बदलली, शेवटी स्टँडर्डच्या बाटलीवरच संशय घेतला. यात तीन आठवडे गेले. मी विचारलं, "ओली जुडी उरलीय का गं?" फ्रीजमधून काळवंडलेली चार पानं निघाली. गोलसर, कडेला दातेरी, लांब देठाची. मंडूकपर्णी! बाजारातल्या मावशी हिलाच ब्राह्मी म्हणतात, त्यांचं काही चुकलं नाही. पण बॅकोसाइड असतात बॅकोपा मोनिएरीमध्ये, आणि तिची पानं लहान, मांसल, जवळजवळ बिनदेठाची. मंडूकपर्णीत शोधायचं ते एशियाटिकोसाइड. तेव्हापासून माझा नियम आहे: दळण्याआधी एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवायची आणि सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमकडून (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) ओळख पटवून घ्यायची. तोवर मिक्सरला हात लावू देत नाही. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरी चूक खास मुंबईची. जुलैत चूर्णाची पिशवी उघडी टाकून चहाला जायचं आणि आल्यावर त्यातलंच 1 ग्रॅम तोलायचं. ओलावा 5 टक्क्यांवरून 12 वर गेला तर त्या एका ग्रॅममध्ये 950 ऐवजी 880 मिलिग्रॅमच वनस्पती उरते. मग अहवालात घटक "कमी" झालेले दिसतात. तोलायच्या दिवशीच थोडं चूर्ण वेगळं काढून 105 अंशांवर वजन स्थिर होईतो सुकवा आणि हिशेब कोरड्या वजनावर करा. अर्कासाठीचं चूर्ण मात्र त्या ओव्हनमध्ये घालू नका, तुळशीच्या तेलातलं युजेनॉल उडून जाईल. (तुळशीत ओव्हनमधली घट म्हणजे नुसतं पाणी नव्हे, थोडं तेलही असतं.)

फिनॉल (वनस्पतींतला एक घटकगट) मोजायच्या फोलिन-सिओकाल्टो रसायनाचा निळा रंग दिसला की लोक खूश. आवळ्यात तर रंग गडदच येतो, कारण हे रसायन क जीवनसत्त्वाशीही तितक्याच आनंदाने अभिक्रिया करतं. तो आकडा सगळा फिनॉलचा नसतो. क जीवनसत्त्व वेगळं मोजा, निदान तसा उल्लेख तरी करा. सोडियम कार्बोनेट आधी ओतण्याची घाई तर मुळीच नको. कार्बोनेटच्या अल्कलीत फोलिन टिकत नाही, म्हणून आधी नमुन्यात फोलिन, काही मिनिटांनी कार्बोनेट.

उरलेल्या चुका पटापट सांगते. रीडिंग स्टँडर्डच्या रेषेबाहेर (ज्ञात प्रमाणांच्या रीडिंगवरून काढलेली रेषा) गेलं तर अर्क पातळ करा, रेषा पुढे ओढू नका. ब्लँकमध्ये (तुलनेसाठीच्या, नमुना नसलेल्या द्रवात) अर्काचंच सॉल्व्हंट हवं, नळाचं पाणी नव्हे (हसू नका, पाहिलंय). हळदीचा अर्क खिडकीत ठेवू नका, कर्क्युमिन उजेडात विरतं. आणि एकाच अर्काचं तीनदा रीडिंग घेतलं म्हणजे तीन नमुने होत नाहीत, तीन वेळा तोलून तीन अर्क काढावे लागतात. हे सांगितलं की नेमकं कोणाला तरी विरार लोकल गाठायची असते.