स्टार्टरला टूलची बॅटरी जोडायची तर अडॅप्टर असा बदला

हॉबी इंजिनचा (मॉडेल विमान, गाडी यांच्या छोट्या इंजिनचा) स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, १२ व्होल्टचा असेल तर ड्रिलची १२ व्होल्टवाली लिथियम बॅटरीच घ्या, आत ३ सेल असतात आणि फुल चार्जला १२.६ व्होल्ट मिळतात, १८ वाली नको कारण ती फुल असताना २१ पर्यंत जाते आणि मोटर उगाच तापते.

आता अडॅप्टर, म्हणजे बॅटरी ज्यात सरकवून बसवतो तो वायरीवाला प्लास्टिकचा होल्डर. बॅटरी आधी काढून ठेवा. रेडीमेड अडॅप्टरच्या वायरी बहुतेक वेळा बारीक असतात, स्टार्टर सुरू होताना खूप करंट खेचतो, म्हणून त्या काढून १२ गेजची सिलिकॉन वायर थेट आतल्या, बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीवर सोल्डर करा. इथे घाई नको पण रेंगाळूही नका, सोल्डरिंग गन चांगली तापलेली हवी, नाहीतर पत्तीभोवतीचं प्लास्टिक वितळून पत्ती वाकडी होते आणि मग बॅटरी नीट बसतच नाही. जाड वायर बाहेर यायला भोक कानशीने मोठं करा. प्लसच्या वायरवर बॅटरीजवळच फ्यूज टाका, हे प्लीज टाळू नका.

अडॅप्टरमध्ये सहसा लो-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की आपोआप करंट बंद करणारं सर्किट) नसतो, तेव्हा स्टार्टर मंदावला की थांबा, सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. इंजिनला लावण्याआधी एकदा नुसता फिरवून बघा, उलटा फिरला तर प्लस-मायनस अदलाबदल झालेत.