परदेशात नर्स म्हणून नोंदणी करताय? फाईल अडकते ती इथे

पुण्यात आयसीयूची ड्युटी सांभाळून मी ज्युनिअर मुलींच्या परदेशी नोंदणीच्या फाईली बघून देते. कुणी जर्मनीला निघालेली असते, कुणी इंग्लंडला, कुणी दुबईला. फाईल परत आली की मुलगी रडवेली होऊन म्हणते, "सिस्टर, माझंच काहीतरी कमी पडलं." फाईल उघडून बघावं तर मुलगी कामाला वाघीण असते. अडलेलं असतं नावावर, नाहीतर तासांवर.

आधी नावाचं बोलते, कारण सर्वांत जास्त फाईली इथेच अडतात. आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, काही घरांत तर पहिलंसुद्धा. मागे एकीची फाईल माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरली होती. दहावीला माहेरचं शिंदे, जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) प्रमाणपत्रावर त्याच नावाचं वेगळं स्पेलिंग, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर मधलं नाव गायब आणि पासपोर्टवर सासरचं पवार. आपल्याला कळतं की बाई एकच आहे. तिकडच्या अधिकाऱ्याला चार बायका दिसतात.

म्हणून भाषेच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी पासपोर्टवरचं नाव पक्कं करा, कारण निकाल त्याच नावाने येतो. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची नोंद त्याला जुळवून घ्या. जुन्या कागदांसाठी विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि नाव बदललं असेल तर शासनाच्या राजपत्राची प्रत जोडा. प्रक्रिया चालू असताना लग्न ठरलं, तर नोंदणी हातात पडेपर्यंत नाव बदलू नका. घरच्यांना नीट समजावून सांगा, ऐकतात.

दुसरी चूक म्हणजे मार्कशीटलाच ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजने दिलेला विषयवार तासांचा तपशील, समजणं. जर्मनीत प्रत्येक राज्याचं कार्यालय तुमचं शिक्षण तिथल्या शिक्षणाशी ताडून बघतं. तिथे २,१०० तास थिअरी आणि २,५०० तास प्रॅक्टिकल असतं. तुमच्या कागदावर नुसते विषय आणि मार्क असतील तर ते तास मोजणार कशावरून? माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजने 'प्रॅक्टिकल ट्रेनिंग पूर्ण केले' एवढी एक ओळ लिहून दिली होती. तिने तीन खेटे घातले, उपयोग शून्य. शेवटी आम्ही दोघींनी रात्री बसून तिच्या जुन्या रोटेशन प्लॅनवरून तक्ता टाईप केला: मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरुग्ण, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, आणि प्रत्येकासमोर तास. प्राचार्यांनी तो रजिस्टरशी ताडून पाहिला आणि सही-शिक्का दिला. बीएस्सीवाल्यांनी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे अर्ज करतानाच तासांची मागणी लिहून द्यावी.

एवढं करूनही जर्मनीकडून 'डेफिझिट'चं, म्हणजे शिक्षणातल्या कमतरतेचं, पत्र येऊ शकतं. ते आलं की मुली खचतात, पण तो नकार नव्हे. कोणत्या विषयात काय कमी पडतंय ते त्यात लिहिलेलं असतं. त्यानंतर तिथल्या हॉस्पिटलात पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. पत्र नीट वाचून मगच यातलं एक निवडा.

जर्मन भाषेत बी-वन ही मधली पातळी झाली की क्लास सोडणाऱ्या खूप आहेत. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे त्याच्या वरची बी-टू पातळी लागते, आणि बी-वन ते बी-टू हाच खरा चढ आहे. इंग्लंडसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची तर अ‍ॅकॅडमिकच. चुकून जनरल देऊन बसलेल्या मुली मी पाहिल्यात, सगळे पैसे पाण्यात. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. त्याऐवजी ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली तर बी ग्रेड हवी, रायटिंगला सी प्लस चालते.

कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ती तारीख आजच बघा. नोंदणी चालू नसेल तर गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुमची नोंदणी वैध आणि तक्रारमुक्त असल्याचं कौन्सिलचं, पत्र अडतं.

दुबई, अबूधाबीकडे जाणाऱ्यांची कागदपत्रं डेटाफ्लो ही कंपनी पडताळते. ते थेट तुमच्या जुन्या हॉस्पिटलला आणि कॉलेजला विचारतात. तिथून उत्तरच गेलं नाही तर फाईल तशीच पडून राहते. त्यामुळे एचआरमध्ये जो माणूस हे मेल बघतो त्याला आधी भेटून या.

मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. आईवडिलांनी जपायचं म्हणून केलेलं असतं, पण अपोस्टिलचं, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरण्यासाठीच्या सरकारी प्रमाणीकरणाचं, स्टिकर त्यावर लावता येत नाही.

एजंटच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर त्याची नोंदणी तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. इंग्लंडच्या नोकरीसाठी तर उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेणंच तिथल्या नियमात बसत नाही. मूळ कागद त्याच्या ऑफिसात ठेवून येऊ नका. "फाईल आमच्याकडे सुरक्षित आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी घेऊन घरी या. दोन वर्षं स्वतःच्याच डिग्रीसाठी हात जोडत फिरलेली मुलगी मी जवळून पाहिली आहे.

पोलीस क्लिअरन्सचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून सर्वांत शेवटी काढा, त्याची मुदत लवकर संपते. आणि नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच द्या.