थंडीत सिंहगड चढायची सवय

डिसेंबरात पहाटे पांघरूण सोडवत नाही, म्हणून ही सवय दिवाळी संपताच लावून घ्या. थेट सिंहगड नको. आधी पंधरा दिवस पुण्यातली पर्वती टेकडी: 103 पायऱ्या, रोज दोनदा. धाप लागली तरी सोबतच्याशी दोन वाक्यं बोलता यावीत, वेग तेवढाच ठेवा.

मग रविवारी उजाडताना पायथ्याच्या आतकरवाडीतून गड. स्वेटर पायथ्यालाच काढून सॅकमध्ये टाका. घामाने भिजलात तर वरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. कोरडा टीशर्ट हवाच.

खरी काळजी उतरताना घ्यायची. पहिल्या वर्षी मी घाईने उतरले आणि आठवडाभर जिना उतरताना कठडा धरत होते. उतरण्याआधी खाली बसून टाच बुटात मागे सरकवा, घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळा; नाहीतर बोटं पुढे आपटून अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. घसाऱ्यावर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, हातात काठी.

वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही जरूर खा. फक्त त्यानंतर अर्धा तास बसा, मगच उतरा.