कासला फुलं बघायला गाडीने जाताय? मग हे वाचून निघा

दरवर्षी सप्टेंबरात कुणी ना कुणी साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन येतं आणि म्हणतं "काय नव्हतं रे, फोटोत दाखवतात तसं", आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण फुलं तिथेच असतात, पण बरीचशी घोट्याएवढी असतात आणि आपण उभ्याउभ्याच बघून परत फिरतो.

आधी कधी जायचं ते. ऑगस्ट संपता संपता सुरू होतं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पण सगळी फुलं एकदम येत नाहीत, आधी पांढरे गेंद, मग तेरड्याचा गुलाबी-जांभळा रंग, पुढे सोनकीचा पिवळा, त्यामुळे पाऊस कसा झालाय त्यावर सगळं असतं आणि निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्यात कुणाला तरी फोन करून विचारणं सगळ्यात बेस्ट. शक्यतो मधल्या वारी जा, ऑनलाइन बुकिंग आधी करून ठेवा. शनिवार-रविवारी घाटात जो ट्रॅफिक लागतो त्यात अर्धा दिवस जातो.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कास साधारण २५ किमी. पेट्रोल खालीच भरून घ्या. घाटात धुकं असलं तर लो बीमवर हळू चालवा, चढणाऱ्या गाडीला वाट द्या, आणि फूल दिसलं म्हणून वळणावर ब्रेक मारू नका, प्लीज, पुढे सरळ रस्ता आणि नीट जागा मिळाली की थांबा. आणि थांबाच! दरडीवरून पाणी झिरपतं तिथे पण खूप काही फुललेलं असतं, मला तर कधीकधी पठारापेक्षा तेच जास्त आवडतं.

पठारावर पोचलात की वाटेच्या कडेला चक्क उकिडवे बसा. हा सगळा सडा आहे, म्हणजे जांभा दगडाचं सपाट पठार, वर मातीचा जेमतेम पातळ थर, त्यामुळे झाडं छोटी राहतात आणि मातीत पोषण कमी म्हणून काही जण किडे खातात. सीतेची आसवं हे नाजूक निळं-जांभळं फूल बघा, त्याच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात, आणि दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावरचे चमकणारे थेंब म्हणजे दव नाही, चिकट सापळा आहे. पोरांना हे दाखवा, बघा कसे गुंगून जातात. पिवळ्या कवल्याला तर ती स्वतःच मिकी माउस म्हणतील.

कासला ८५० च्या आसपास वनस्पती नोंदल्यात, वायतुरा ही वनस्पती तर साताऱ्याकडच्या सड्यांवरचाच, म्हणून फोटोसाठी आत बसणं, लोळणं नको, एक पाय पडला की तो पातळ थर उखडतो आणि पुढच्या वर्षीचं बीपण जातं.

ऊन आलं की रंग खुलतात, तेव्हा धुकं दिसलं म्हणून लगेच परत फिरू नका, तासभर थांबा. चालायची तयारी असेल तर राजमार्ग नावाच्या जुन्या वाटेने कुमुदिनी तळ्याकडे जा, झालरीसारख्या कडांची पांढरी फुलं पाण्यावर पसरलेली असतात. गर्दी नकोच असेल तर साताऱ्यातून दुसऱ्या रस्त्याने ठोसेघर करून पुढे चाळकेवाडी गाठा, पवनचक्क्यांच्या खाली तिथेही सडा फुलतो.

रेनकोट न्या, छत्री वाऱ्याने उलटते.