पोलीस भरती: घाम गाळूनही मार्क जातात कुठे? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या मैदानावर पहाटे साडेपाचला साठ-सत्तर पोरं-पोरी पळत असतात. कुणालाही विचारा, "सोळाशे मीटरला किती लागतंय?" सेकंदासकट उत्तर येतं. "गोळा किती जातो?" म्हटलं की, "जातो की दादा, आठच्या आसपास." आणि "नॉन क्रीमी लेयर कधीपर्यंत चालतंय?" आरक्षणासाठी लागणाऱ्या या दाखल्याचं विचारलं की नुसतं हसू. मी स्वतः दोन भरत्या दिल्यात. पहिल्या वेळी ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, चांगलं पडलं, पेपर बरा गेला आणि कागद तपासायच्या टेबलावर बाहेर पडलो. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी हिशेब डोक्यात बसवा. शिपाई पदाला मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी 100 गुणांची. 2022 च्या नियमबदलानंतर ग्राउंड पुन्हा आधी आलं. मुलांना 1600 मीटरचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळ्याचे 15 गुण. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर, बाकी वाटणी तीच. एसआरपीएफचं (राज्य राखीव पोलीस दल) ग्राउंड 100 गुणांचं, त्यात 5 किलोमीटर धावणं. म्हणून "दोन्हीची तयारी एकातच होते" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

सगळा जीव सोळाशेत

सोळाशेचे 20, तर शंभर मीटर आणि गोळा मिळून 30. तरी पोरं सहापैकी पाच दिवस सोळाशेच मारतात. कारण साधं आहे, ते मारलं की "प्रॅक्टिस झाली" असं वाटतं.

बरं, सोळाशे तरी नीट मारतात का? पूर्ण 20 गुणांसाठी 5 मिनिटं 10 सेकंद. म्हणजे 310 सेकंद, चारशेच्या ट्रॅकचे चार राउंड, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. आमच्याकडे एक पोरगा पहिला राउंड 66 सेकंदांत काढायचा. शिट्टी वाजली, आजूबाजूचे सुटले की हाही सुटायचा. तिसऱ्या राउंडला मान मागे, खांदे वर, पाय जड, आणि शेवटी 5:40. त्याला तीन आठवडे फक्त एकच काम दिलं: पहिला राउंड 77 च्या आत यायचं नाही. सुरुवातीला त्याला लाज वाटायची, सगळे पुढे जातात म्हणून. तिसऱ्या राउंडपासून तोच एकेकाला गाठायला लागला. मुलींसाठी हिशेब 2 मिनिटं 50 सेकंदांचा, म्हणजे चारशेला 85 सेकंद.

शंभर मीटरला मुलांना पूर्ण गुण 11.50 सेकंदांत. 11.60 लागले की थेट 12 गुण. टप्प्यांचं हे गणित निर्दयी आहे, दहाव्या हिश्श्याला तीन मार्क. हे सेकंद बहुतेकदा सुटताना जातात: पहिल्या पावलातच ताठ उभं राहणं, शेजारच्याकडे बघणं आणि रेषेच्या पाच मीटर आधीच ढिलं पडणं. टेप शंभरावर आहे असं समजूच नका, एकशे दहावर आहे असं समजून पळा.

गोळा हाताने फेकणं

मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. पूर्ण 15 गुणांसाठी मुलांना 8.50 मीटर, मुलींना 6 मीटर. इथे ताकदवान पोरं मार्क घालवतात आणि शिडशिडीत पोरं कमावतात, हे मी दरवर्षी बघतो.

गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. क्रिकेटच्या चेंडूसारखा हात मागे नेऊन फेकायला गेलात की कोपर खाली पडतं, फाऊल होतो आणि वर कोपर दुखावतं ते महिनाभर. गोळा तळहातावर नको, बोटांच्या मुळाशी धरा. जबड्याखाली मानेला टेकवा, कोपर बाहेर काढा. मग वाका आणि जोर मागच्या पायातून वर आणा. पाय, कंबर, खांदा आणि सगळ्यात शेवटी हात. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गोळा पायांनी टाकला. डोळे जमिनीवर असले तर गोळाही जमिनीकडेच जातो, समोरच्या झाडाचा शेंडा बघून सोडा.

आणखी दोन बारीक गोष्टी. एक, वर्षभर दगडावर प्रॅक्टिस करून ऐन वेळी लोखंडी गोळा हातात घेऊ नका. पकड वेगळी, घसरतो. चार जणांत मिळून वजनाचा गोळा आणा. दोन, खिशात सुका नॅपकिन ठेवा. 2024 ची 17,471 पदांची भरती 19 जूनला, पावसाच्या तोंडावर सुरू झाली आणि अनेक ठिकाणी तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. ओल्या गोळ्यावर ओली बोटं ठेवून 8.50 कुणाचा जात नाही. आणि गोळा सुटल्यावर तोल सांभाळा. चांगला गेला म्हणून आनंदात पुढे पाय टाकलेले आणि फाऊल घेऊन आलेले किती सांगू.

नडगी दुखतेय, तरी पळतोय

जाहिरात आली की शून्यावरून एकदम रोज आठ किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. पंधरा दिवसांत नडगीच्या आतल्या बाजूला ठणका सुरू. मग मित्र म्हणतो पेनकिलर घे आणि पळ. नका. आठ-दहा दिवस पळणं कमी करा, बर्फाने शेका, मातीवर या, आणि त्या दिवसांत गोळ्याचं तंत्र पक्कं करा. एका ठिकाणी बोट ठेवलं तरी कळ येत असेल तर डॉक्टरकडे जा, हाडाला चीर असू शकते. ग्राउंडच्या आदल्या रात्री "ताकदीचं इंजेक्शन" विकणारेही भेटतात. उत्तेजकांवर बंदी आहेच. शिवाय त्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

"पंचवीस पडले, पेपर फिक्स"

हा गैरसमज घराघरात आहे. ग्राउंडला निम्मे गुण लागतात हे खरं, पण लेखीला बोलावतात ते प्रवर्गाच्या जागांच्या दहापट, गुणानुक्रमे. 26 वर समाधान मानणारा पेपरपर्यंत पोचतच नाही. उलट टोकाचे 47 पडलेले वीरही बघितलेत, जे त्यानंतर महिनाभर स्टेटस ठेवत बसले आणि पेपरला 58 घेऊन घरी आले.

लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. 100 प्रश्न, 90 मिनिटं, एका प्रश्नाला 54 सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडणं म्हणजे दान. अभ्यासिकेत बसून व्हिडिओ बघणं हा अभ्यास नाही. जुन्या जिल्ह्यांचे पेपर काढा, घड्याळ लावा आणि उत्तरं गोल भरूनच सोडवा. वहीवर सोडवणाऱ्याला कळत नाही की शंभर गोल काळे करायलाही वेळ लागतो. आणि एक प्रश्न सोडला, गोल मात्र सोडायचा राहिला, की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात.

अर्ज आणि कागद

आता माझी गोष्ट. माझ्याकडे नॉन क्रीमी लेयर होतं, लॅमिनेशन केलेलं, फाईलमध्ये पहिलं. मुदत 31 मार्चला संपली होती. नवं मी जाहिरातीतली तारीख उलटल्यावर काढलं. टेबलावरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तारखांवर पेन टेकवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मला खुल्यात टाकलं. खुल्याची यादी माझ्या दोन गुण वर संपली.

म्हणून आजच फाईल उघडा. जात प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेयर, अधिवास, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला), प्रत्येकावरची तारीख जाहिरातीतल्या तारखेशी जुळवा. दाखला सेतूत अडकला तर पंधरा दिवस सहज जातात. समांतर आरक्षण (खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, होमगार्ड) हातात कागद असेल तरच टिक करा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव एक आहे का बघा. लग्न झालेल्या ताईंनी नावबदलाचा पुरावा आधीच जोडून ठेवावा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर हॉल तिकिटाचा मेसेज गेला आणि हा इकडे वाट बघत बसला, असं आमच्याच मैदानावर घडलंय. "तिकडे मेरिट कमी लागतं" म्हणून दोन जिल्ह्यांत एकाच पदाचे अर्ज टाकणंही अंगाशी येतं. 2024 ला एका पदासाठी एकच अर्ज अशी अट होती.

उंची, छाती

मुलांना उंची 165 सेंटिमीटर, मुलींना 155. मुलांची छाती न फुगवता 79, फुगवून 5 वाढली पाहिजे. काठावर असाल तर घरी सकाळी मोजा, दिवसभरात उंची सेंटिमीटरभर कमी होते. छाती 4 च फुगते म्हणणाऱ्यांपैकी निम्मे जण श्वास पोटात घेतात. आरशासमोर टेप लावून शिका. मोजणी चुकीची वाटली तर आक्षेप तिथेच, त्याच दिवशी नोंदवा. गावी येऊन पारावर सांगितलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

गुन्हा लपवणं

गणपतीत भांडण झालं, नाव एफआयआरमध्ये आलं, पुढे मिटलं. अर्जात किंवा पडताळणीच्या फॉर्ममध्ये "नाही" लिहिलं. हे सर्वात महागात पडतं, कारण ज्या खात्यात जायचंय तेच खातं तुमची पडताळणी करतं. अशीच माहिती लपवण्याच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलंय की माहिती खरी द्यावी, आणि किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक देणारा त्याचा विचार करू शकतो. मिटलेलं असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत आणा, फॉर्मवर "होय" लिहा आणि प्रत मागे जोडा.