"पोरी, गोष्ट कवा सांगणार?"

माझं पहिलं पूर्ण कीर्तन सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, रामनवमीच्या उत्सवात झालं. रात्री नऊची वेळ, दीड तास. मूळपद, म्हणजे ज्यावर बोलायचं तो अभंग, तुकोबांचं, 'लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा', आणि उत्तररंगाला, म्हणजे दुसऱ्या भागाला, सुदाम्याचं आख्यान. घरी आरशासमोर निदान वीस वेळा करून पाहिलेलं. पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, मी नम्रता म्हणजे काय ते सांगितलं, गीतेतले श्लोक सांगितले, ज्ञानेश्वरीतल्या ओव्या सांगितल्या, मग नम्रतेचे प्रकार सांगितले. पाऊण तास झाला तेव्हा पुढची पोरं आडवी झाली होती आणि खांबाला टेकलेली मंडळी निवांत तंबाखू मळत होती. मध्यंतराला बुक्का लावायला आलेल्या आजींनी हार घालता घालता माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "पोरी, गोष्ट कवा सांगणार?"

त्याला आता बारा वर्षं झाली. हल्ली मी पोटापाण्यासाठी संस्थांच्या माहितीपटांच्या संहिता लिहिते आणि वर्षाला वीस-पंचवीस कीर्तनं करते. "कीर्तन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी मुलं आता बरीच भेटतात. त्यातली निम्मी देवळातली नसतातच. कुणी एकांकिका करतो, कुणी ओपन माइकला जातो, कुणाला कंपनीत प्रेझेंटेशन देताना घाम फुटतो. त्यांच्यासाठी हे लिहितेय. गाणं, गोष्ट, विनोद आणि भाषण या चारही गोष्टी एकाच माणसाला उभ्या उभ्या कराव्या लागतात असा दुसरा प्रकार आपल्याकडे मला तरी माहीत नाही.

आधी माझं मूळ दुखणं सांगते. मी वक्तृत्व स्पर्धांमधून आले. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" म्हणत शाळा-कॉलेजात ढाली गोळा केल्या. स्पर्धेत समोर तीनशे मुलं असतात, पण बोलायचं असतं तीन परीक्षकांशी. ते कागदावर गुण लिहीत असतात, तुमच्याकडे पाहतही नाहीत. सात मिनिटांनी घंटा वाजते. समोरच्याला पटलं का, हे कधी कळतच नाही आणि कळायची गरजही नसते. ही सवय घेऊन मी कीर्तनाला उभी राहिले. गावाने काही मला गुण दिले नाहीत. ते झोपले.

आता थोडी ओळख. नारदीय कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घ्यायचं, त्यालाच मूळपद म्हणतात, आणि त्याचं निरूपण करायचं. मध्यंतराला नामाचा गजर, हार, बुक्का. उत्तररंगात आख्यान लावायचं, म्हणजे पूर्वरंगात मांडलेला विचार एखाद्या कथेतून उभा करायचा, आणि शेवटी पुन्हा मूळपदावर यायचं. वारकरी कीर्तन वेगळं. तिथे बहुतेक सगळं एका अभंगाभोवती फिरतं, मागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो, बुवांनी टाकलेली ओळ ते उचलतात. मी नारदीय परंपरेतली, त्यामुळे पुढचं सगळं त्याच अंगाने.

शिकायला जागा आहेत. पुण्यात सदाशिव पेठेतलं नारद मंदिर, म्हणजे श्री हरिकीर्तनोत्तेजक सभा. मुंबईत दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था. वारकरी वाटेने जायचं असेल तर आळंदीची वारकरी शिक्षण संस्था, जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली. मी स्वतः एका बाईंकडे घरी शिकले. पहिले चार महिने त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नाही. नुसती झांज वाजवायची. चालताना, भाजी निवडायला बसायच्या आधी, टीव्ही बघताना. मला अपमान वाटायचा. पण लय हातात बसल्याशिवाय तोंड मोकळं होत नाही, हे पुढे कळलं. बोलता बोलता हात थांबला की श्रोत्याला काही सांगता येत नाही, पण त्याला काहीतरी सुटल्यासारखं वाटतं.

त्यानंतर वृत्तं. ओवी, अभंग, श्लोक, आर्या, साकी, दिंडी, कटाव. 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची' हे तुम्ही ऐकलेलं असेल. कीर्तनकाराला ही यादी हत्यारांच्या पेटीसारखी लागते. कथा संथ चालली असेल तर ओवी किंवा साकी. मन कालवायचं असेल तर दिंडी. युद्ध, धावपळ, दरबाराचं वर्णन आलं की कटाव, यमकांवर यमकं टाकत, एका दमात, तबला मागून ढकलतोय. १८८० च्या 'शाकुंतला'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी साक्या-दिंड्या घातल्या, त्या ओळखीच्या वाटायचं एक कारण हेच की लोकांच्या कानात त्या कीर्तनातून आधीच होत्या. गाता गळा नसेल तर? चालतं. सुरात राहता आलं पाहिजे, तानांची गरज नाही. उलट शास्त्रीय शिकून आलेली मंडळी इथे जास्त घसरतात. पदावर आलाप सुरू झाला की गोष्ट दारात ताटकळते.

पहिल्या कीर्तनानंतर बाईंनी मला काय चुकलं ते सांगितलं नाही. तीन गोष्टी ऐकायला आणि पाहायला लावल्या.

पहिली, गाडगेबाबांचं कीर्तन. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले. ना पेटी, ना साकी-दिंडी, रापलेला वऱ्हाडी आवाज. पण नीट ऐका, माणूस सलग बोलतच नाही. छोटा प्रश्न विचारतो आणि थांबतो. लोक उत्तर देतात. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. मध्येच 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला'चा गजर. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला लोक स्वतःच्याच तोंडून कर्ज काढून सण करणं चूक आहे, पोरांना शाळेत घातलं पाहिजे, असं म्हणून बसलेले असतात. दुसऱ्याने सांगितलेलं माणूस खोडून काढतो, पण स्वतः चारचौघांत मोठ्याने म्हटलेलं खोडणं अवघड जातं. आणि हे विसरू नका की कीर्तनाच्या आधी ते गाव खराट्याने झाडून काढत असत. स्वच्छतेचं निरूपण तिथेच निम्मं झालेलं असायचं.

दुसरी, एकनाथांचं भारुड. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.' सासुरवाशीण देवीला नवस बोलतेय. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर नेऊन टाक. मग जावेचा नंबर, मग नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज, शेवटी नवराही. प्रत्येक कडव्याला हशा वाढत जातो, विशेषतः बायकांमध्ये, कारण प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर एक एक चेहरा येत असतो. आणि मग, 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला.' इथे जागच्या जागी फिरतं सगळं. आतापर्यंत भांडकुदळ वाटणारी बाई एकदम विरक्तीवर बोलते. हे भारुड करताना मी सुरुवातीला शेवटच्या ओळीनंतर 'म्हणजे बघा, संसारातल्या नात्यांचे पाश...' असं समजावत बसायचे. बाईंनी एकदा मागून झांज आपटली. हशा अजून हवेत असताना ती ओळ टाकायची आणि गप्प राहायचं. समजावलं की मेलं. स्टँडअपवाली मुलं याला काहीतरी इंग्रजी नाव देतील, पण साडेचारशे वर्षांपूर्वी पैठणला हे काम चोख झालेलं आहे.

तिसरी गोष्ट चित्रपट. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम', दामले-फत्तेलाल यांचा. सुरुवातीलाच विष्णुपंत पागनीस तुकाराम म्हणून अभंग म्हणतात, डोळे मिटून, जवळजवळ स्वतःशीच. लगेच तोच अभंग साळोमालो, तुकारामांचा मत्सर करणारा चित्रपटातला ढोंगी बुवा, आपला म्हणून म्हणतो, नाटकी थाटात, हावभाव करत. शब्द तेच. एक अक्षरही कुणी समजावत नाही, तरी पहिल्या काही मिनिटांत खरा कोण हे पाहणाऱ्याला कळून चुकतं. मी तो भाग मोबाइलवर दहा-बारा वेळा पाहिला आणि मग माझ्याच कीर्तनाचं रेकॉर्डिंग पाहिलं. साळोमालो मीच होते. शब्दागणिक हात उडत होते. हा प्रयोग तुम्हीही करा. फार वाईट वाटेल, पण स्वस्तात होतो.

आता सुदाम्याकडे येते, कारण माझं सगळं शिक्षण त्याच्या पोह्यांच्या पुरचुंडीत आहे. भागवतात अशी कथा आहे की सुदाम्याची बायको शेजारपाजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणते, फडक्यात बांधते आणि कृष्णाला भेट म्हणून देते. मी पूर्वी हे एका वाक्यात उरकून थेट द्वारकेत घुसायचे, कारण द्वारकेच्या वर्णनाचा कटाव माझा हातखंडा होता. बाई म्हणाल्या, द्वारका राहू दे, पोहे कुणाकुणाकडून आणले ते सांग. मग मी सांगायला लागले. पहिल्या घरची बाई पोहे देते पण वाटी परत कधी देणार ते विचारते. दुसरीकडे दार अर्धंच उघडतं. तिसरीकडे सून सासूची नजर चुकवून ओंजळभर जास्त घालते. या बायका भागवतात नाहीत, आख्यानात तेवढी मोकळीक असते. समोरच्या बायका इथे हसतात, एकमेकींकडे बघतात. मग मी पदराच्या टोकाला गाठ मारते आणि ते काखेत धरते. पुढची वीस मिनिटं सोन्याचे खांब, दासी, कृष्णाने धुतलेले पाय, सगळं सांगत असताना तो हात काखेतून काढायचा नाही. झांज एकाच हाताला अडकवलेली. पोह्यांबद्दल एक शब्द बोलायचा नाही. लोक ते विसरत नाहीत, तुमच्या काखेकडे बघत राहतात. कृष्ण "वहिनींनी माझ्यासाठी काय दिलंय?" विचारतो तेव्हा तबला, पेटी, सगळं बंद. गेल्या वर्षी वाईजवळ एका गावात पुढे बसलेली सातेक वर्षांची मुलगी जोरात ओरडली, "त्याच्या काखेत आहेत!" त्यानंतर 'लहानपण देगा देवा' सगळ्या मंडपानेच म्हटलं. नम्रतेची व्याख्या त्या दिवशी कुणीच सांगितली नव्हती.

माहितीपटांच्या कामात मला हेच उपयोगी पडतं. संस्थेला सुरुवातीलाच आकडे हवे असतात, उद्दिष्टं हवी असतात, अध्यक्षांचं मनोगत हवं असतं. पाऊण तासाचा पूर्वरंगच तो. मी भांडून एक पुरचुंडी शोधते, एखादी वस्तू जी पहिल्या मिनिटात दिसेल आणि शेवटपर्यंत हातात राहील. दर वेळी भांडण जिंकते असं नाही. पैसे देणारा शेवटी अध्यक्षच असतो.

साथीदारांबद्दल दोन शब्द, कारण नवखे इथेच मार खातात. पेटीवाले आणि तबलजी त्या त्या गावचे असतात, कार्यक्रमाच्या अर्ध्या तासापूर्वी भेटतात. आपली पट्टी, म्हणजे कुठल्या सुरातून गाणार ते, त्यांना आधी सांगा. माझी काळी चार. पदांची चिठ्ठी करून द्या, प्रत्येकापुढे ताल लिहा. थांबण्याची खूण ठरवा. माझी खूण म्हणजे डावा तळवा खाली. हे न ठरवल्यामुळे एकदा सुदामा रडत असताना तबल्याने झकास तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, घेतली होती. आणि कुणी चांगलं वाजवलं तर कीर्तनातच, सगळ्यांसमोर, दाद द्या. पुढचा तासभर तो माणूस तुमच्यासाठी जीव टाकतो.

पैशांचं विचारतात सगळेच. बिदागी मिळते, नारळ-शेला मिळतो, प्रवासखर्च कधी मिळतो कधी राहतो. एकट्या कीर्तनावर घर चालवणारे आहेत, पण त्यासाठी चातुर्मास, रामनवमी, दत्तजयंती असं वर्षभर अखंड हिंडावं लागतं. वारकरी मंडळी तर 'जेथे कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें' हा तुकोबांचा दंडक सांगतात. मी जेवते. पण रक्कम आधी ठरवत नाही, आणि ते बरोबरच आहे असा माझा दावा नाही. मला पगाराचं दुसरं काम आहे म्हणून ते परवडतं, एवढंच.

सुरुवात करायची तर चक्री कीर्तनातून करा. एकच आख्यान चार-पाच जण वाटून घेतात, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. तुमच्या आधीचा जिथे सोडेल तिथून उचलायचं, त्यामुळे पाठ केलेलं निम्मं तिथेच गळून पडतं आणि समोर बघावंच लागतं. पूर्वरंग पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. घड्याळ मनगटावर नको, पेटीवर ठेवा.

आणि पिशवीत जादा सेफ्टी पिना, खडीसाखर, चिठ्ठीच्या दोन प्रती, झांजेची एक दोरी. दोरी कधीही तुटत नाही असं सगळे म्हणतात. माझी ऐन कटावात तुटली आणि एक वाटी घरंगळत थेट सरपंचांच्या मांडीपर्यंत गेली. त्यांनी ती उचलून दोन्ही हातांनी मला परत दिली, सुदामा पोहे देईल तशी. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे.